वाणात दिलेलं चूर्ण

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

एक्क्याऐंशी किलो! ऑफिसखालच्या दवाखान्यातल्या काट्यावरून दोनदा उतरून परत चढले. काटा आपल्या जागी ढिम्म. कंपाउंडर हसला, मीही हसले. खरं तर लाज वाटायला हवी होती. तेवढंही वाटलं नाही.

आई गेल्यापासून असंच चाललंय. श्रावणात गेली. तेराव्यालासुद्धा रडू आलं नाही — बहिणी धाय मोकलून रडत होत्या आणि मी पानं किती मांडायची ते बघत होते. तेव्हापासून काही म्हणजे काही आत पोचत नाही. जेवण तेवढं पोचतं. मुलाच्या, तेजसच्या ताटात उरलेलं, फ्रीजमधलं कालचं, डब्याच्या तळाचा चिवडा, सगळं. भूक नसते, हात चालतो. दिवाळीचे फोटो धुऊन आले, त्यात माझी साडी नेसलेली कोणी एक बाई आहे. ह्यांनी बराच वेळ फोटो बघितला आणि म्हणाले, "फ्लॅश जास्त पडला वाटतं." बिचारे! सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कुणाला दुखवलं नाही, बायकोला कसे दुखवतील.

शोभाताईंनी आज डबा गळ्यात मारलाच. शोभाताई म्हणजे आमच्या महिला मंडळातल्या — आधी पापड विकायच्या, मग साबण, आता हे चूर्ण. हिरवा डबा, वर पानाफुलांचं चित्र, खाली छापलेलं: शंभर टक्के वनौषधी, अपाय नाही. कोठी भागातल्या कुणा वैद्यांचं आहे म्हणे. वैद्यांचं नाव नाही. आत काय काय घातलंय तेही नाही. संध्याकाळी एक चमचा कोमट पाण्यातून. "मीनाताई, त्या केबलवरच्या बायका काय जन्मापासून तशा असतात?" असं म्हणून डबा माझ्या पर्समध्ये कोंबला.

२१ नोव्हेंबर

कडू जहर! सकाळपासून चार वेळा जाऊन आले, त्यात दोनदा ऑफिसात. शोभाताई फोनवर म्हणाल्या, "चरबी वितळायला लागली हो तुमची!" चरबी या वाटेने जाते हे मला ठाऊक नव्हतं.

२ डिसेंबर, सोमवार

सत्याहत्तर!

काल सुलतान बाजारच्या घरी गेलो होतो. माई तिथे राहतात, माझ्या सासूबाई, धाकट्या मुलाकडे, हर्षदकडे. हर्षदची बायको अश्विनी पुण्याची, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. लग्नाला तीन वर्षं झाली तरी माईंचं बोलणं ऐकून तिला अजून हसू येतं. माईंनी मला दारातच धरलं. "काय खायलीस गं मीने? का खाईनाच झालीस?" अश्विनी म्हणाली, "वहिनी, काय मस्त दिसताय! मान दिसायला लागली तुमची." मान काय पूर्वी नव्हती? पण घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि मान बघितली. बरं वाटलं. श्रावणापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे!

९ डिसेंबर

दहा दिवसांपूर्वी संपलेली पाळी परत आली. पोटात पीळ. ऑफिसच्या जिन्यात अंधारी आली, कठडा धरून पायरीवरच बसले.

१२ डिसेंबर, गुरुवार

कोठीत डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. तेलुगू बाई, साठीच्या, लाडीगोडी नाही. रक्त तपासलं. अंगातलं पाणी आणि क्षार गेलेत म्हणाल्या. "क्या लेते तुम?" डबा दाखवला. म्हटलं, आयुर्वेदिक आहे, हर्बल आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "धतूरा भी हर्बल है, अम्मा." चिमूटभर जिभेवर ठेवून बेसिनमध्ये थुंकल्या. "तेज जुलाब है. तुम्हारा वजन नहीं गया, पानी गया. बंद करो."

मग पाळीचं लिहून घेताना सहज विचारावं तसं विचारलं, "पेट से तो नहीं?" मी हसले. म्हटलं, बेचाळीस वर्षांची आहे मी! त्या काही हसल्या नाहीत. "अच्छा है. होती तो गिर सकता था."

ह्यांना सांगितलं, अशक्तपणा आहे. "हौ, मग गोळ्या घे टॉनिकच्या," म्हणाले आणि बातम्या लावल्या. डबा तूरडाळीच्या मागे ठेवून दिला.

१८ डिसेंबर

बंद करून सहा दिवस. दीड किलो वर. पाणीच ते, कळतं मला! पण कंपाउंडर म्हणाला, "मॅडम, फिर से?" घरी आल्या आल्या डबा खाली काढला. अर्धाच चमचा घेतला.

२० डिसेंबर

एक चमचा.

५ जानेवारी १९९७, रविवार

बहात्तर. शोभाताई येऊन गेल्या. म्हणाल्या, "यंदा संक्रांतीला तुम्ही हेच वाण लुटा. लहान डबे काढलेत, खास वाणासाठी. सगळ्या बायका तुम्हालाच विचारतात, मीनाताईंनी काय केलं? मग सांगा ना सगळ्यांना!"

दरवर्षी मी स्टीलची वाटी देते. यंदा जिकडेतिकडे प्लास्टिकचे डबे. मी काही वेगळं दिलं तर नाव निघेल, हे मनात आलं, खोटं कशाला लिहू? डॉक्टरीणबाईही मनात आल्या. पण त्यांना काय, त्यांना सगळंच वाईट दिसतं. आणि मला अधूनमधून चक्कर येते, दुसरं काय होतं? पाळी तर या वयात अशीही बिनसते. चोवीस डबे सांगितले.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला. चव बघितली, तर गोड आहे एवढंच कळलं.

१९ जानेवारी, रविवार

माझं हळदीकुंकू झालं. घर भरलं होतं. ऑफिसातल्या, कॉलनीतल्या, मंडळातल्या, सगळ्या आल्या. माई तेवढ्या आल्या नाहीत, त्यांना गुडघ्यांमुळे आमच्या दिलसुखनगरच्या घराचा जिना होत नाही. एकीने माझ्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालून सगळ्यांना दाखवलं. हसण्याचा नुसता कल्लोळ! मी मोरपंखी नेसले होते, पाच वर्षांपूर्वीच्या ब्लाउजवर.

वाण बघून बायका खूश. मग शोभाताईंनी टूम काढली की पहिला चमचा इथेच सगळ्यांनी घ्यायचा. मी गरम पाण्याचं पातेलं आणलं. म्हटलं, सुरुवात आमच्या घरच्या सुनेपासून! अश्विनी मागे सरली. "वहिनी, मी घरी जाऊन घेते." मी म्हटलं, "नंतरबिंतर चालायचं नाही, वाणाला नाही म्हणतात का?" ती म्हणाली, "मला काय गरज आहे पण..." त्यावर शोभाताई म्हणाल्या, "पोट साफ होतं गं, बारीक बाईनेही घ्यावं. झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?" सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. ती माझ्याकडे बघत होती. काहीतरी सांगायचं होतं तिला. मी पेला तिच्या ओठांना लावला आणि ती प्यायली.

मग बाकीच्या प्यायल्या. तोंडं वाकडी करकरून हसल्या.

२४ जानेवारी

अश्विनीचा ऑफिसातून फोन. म्हणाली, "वहिनी, वाण कामाला आलं तुमचं. महिनाभर पोटाची तक्रार होती, आता रोज घेते एक चमचा." मी म्हटलं, बघ, मी सांगत नव्हते? तिच्या पोटाला महिनाभर काय झालंय ते विचारलं नाही. मला तिचं "मस्त दिसताय" ऐकायचं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

माईंनी आज मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि कानात सांगितलं. अश्विनीला दिवस गेलेत. अडीच महिने होतील. तीन वर्षांनी! "तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतंय, म्हणून तुलाबी नाही बोलले. आता र्‍हावंना." माईंचे डोळे भरले होते. माझ्या हातात चहाचं गाळणं होतं. मी म्हटलं, "छान झालं."

डॉक्टरीणबाई बेसिनपाशी थुंकल्या तसंच्या तसं समोर आलं. गिर सकता था.

सांगायला हवं होतं. बाहेरच्या खोलीत अश्विनी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, हर्षद तिला डाळिंब सोलून देत होता. नुसतं म्हणायचं होतं, अश्विनी, ते चूर्ण बंद कर. तिने विचारलं असतं, का हो? मग ती पाळी सांगावी लागली असती, चक्कर सांगावी लागली असती, डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगावं लागलं असतं. आणि मग — तरी तुम्ही मला पाजलंत? चहा गाळून दिला. उद्या फोन करते.

३ फेब्रुवारी

फोन केला. हर्षदने घेतला. मी म्हटलं, "अश्विनीला जड काही उचलू देऊ नको." तो म्हणाला, "हो वहिनी, माई तर तिला पाण्याचा तांब्यापण उचलू देत नाहीत." मी रिसीव्हर ठेवला. गाढव!

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून परस्पर सुलतान बाजारला गेले. अश्विनी कामावर होती, माई देवापाशी. तिच्या खोलीतल्या कपाटावर हिरवा डबा होता. उचलला आणि पर्समध्ये टाकला. अर्ध्याच्या वर संपलेला. घरी येऊन मोरीत ओतला, डबा धुऊन केरात टाकला. सुटले असं वाटेल असं वाटलं होतं. तेही वाटलं नाही.

७ फेब्रुवारी

अश्विनीचा फोन. हसतच होती. "वहिनी, माझा डबा कुठे गडप झाला कोण जाणे! बरं झालं, काल शोभाताई बाजारात भेटल्या, त्यांनी दुसरा दिला. मोठा!"

मी म्हटलं, "अश्विनी..." ती म्हणाली, "हं?" मी म्हटलं, "जपून राहा." ती लाजली. माईंनी सांगितलं ना तुम्हाला, म्हणाली. आणि मग किती वेळ नावांबद्दलच बोलत होती. मी ऐकत होते, हो हो करत होते. फोन खाली ठेवला तेव्हा रिसीव्हर घामाने ओला झाला होता.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात वाजता हर्षदचा फोन आला. अश्विनीला रक्त जातंय.

ह्यांनी स्कूटर काढली. नर्सिंग होममध्ये पोचलो तर हर्षद खाली कागद भरत होता. मी थर्मास घेऊन वर गेले. अश्विनी पलंगावर, पायाखाली दोन उशा, चेहरा पांढराफटक. तरुण डॉक्टर होती. तिने विचारलं, "कोई दवा ली? काढा, देसी कुछ?"

अश्विनी म्हणाली, "नहीं. सिर्फ आयर्न की गोली."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. ते वाण होतं, मोठ्या जावेने हाताने पाजलेलं. डॉक्टरने मग माझ्याकडे बघितलं, घरचं माणूस म्हणून. "आप लोगों ने घर में कुछ दिया?" मी थर्मासचं झाकण फिरवत होते. मान हलवली. नाही.

ते मी आत्ता लिहिलं. मान हलवली, नाही.

१० फेब्रुवारी

रक्त थांबलेलं नाही. आज एकटीच जाऊन तिला सांगेन, म्हणून गेले. माई जवळ बसल्या होत्या. उद्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गेलं.

१२ फेब्रुवारी

ऑफिसला गेले. एकोणसत्तर.

१६ फेब्रुवारी, रविवार

अश्विनी घरी आलीये. डॉक्टर म्हणाली, पहिल्या तीन महिन्यांत असं पुष्कळांचं होतं, कारण सांगता येत नाही. चूर्ण नसतं घेतलं तरी झालं असतं का? कुणालाच सांगता यायचं नाही. मला तर कधीच कळायचं नाही. निदान डॉक्टरला तरी कळायला हवं होतं, ते मी कळू दिलं नाही.

आम्ही आज तिकडे जेवायला होतो. जेवण झाल्यावर माईंनी अश्विनीच्या कपाटावरून डबा काढला, त्यांचंही पोट धरलं होतं म्हणे. चिमूट तोंडात टाकली आणि तिथेच उभ्या राहिल्या. "आगं, ह्याच्यात काळाबोळ हाय!" हर्षदला कळेना. माई म्हणाल्या, "आमच्याकडं पाळी अडली की बाया द्यायच्या हे. बाळंतीण झाल्यावर देतेत, आधी न्हाई. गरवारशीच्या आसपास ठिवत न्हाईत! कुणी आणलं हे?"

"वाण," अश्विनी म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्यांनी पेपर खाली ठेवला. आणि मी काय बोलले? "मला काय माहीत माई? डब्यावर अपाय नाही म्हणून छापलंय. शोभाताईंनी दिलं, मी वाटलं." घडाघडा बोलले. पंधरा दिवस एक शब्द फुटत नव्हता, आणि आता काखा वर करायला तोंड कसं चुरूचुरू चाललं!

हर्षद उठून गॅलरीत गेला. माईंनी माझ्या डोक्यावर हात फिरवला. "तुला काय ठावं लेकरा. तू तर सवता खात व्हतीस."

अश्विनीने मला जवळ बोलावलं. माझं मनगट धरलं. तिचे हात गार. म्हणाली, "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हीपण घेत होतात ना इतके महिने? तुम्हाला कुठे काही झालं?"

मी म्हटलं, "नाही गं."

२० फेब्रुवारी, गुरुवार

वाणाचे डबे परत गोळा करते आहे. दोन दिवसांत अठरा झाले. माल खराब आलाय, असं सांगते. काही जणी नाराज. वाण परत घेतात का कुठे? एकीने दारातूनच विचारलं, आमच्या सवाष्णपणावर उठलीस का? दोघीतिघींनी हळूच सांगितलं की त्यांना हगवण लागली होती, पण माझ्याकडे बघून घेत राहिल्या. एक म्हणाली, "तुला मानवलं ना, म्हणून म्हटलं आपल्यालाच पचत नसेल."

शोभाताई घरी येऊन भांडून गेल्या. त्यांचं नाव खराब केलं म्हणे मी. "एक तरी बाई दाखवा जिला काही झालं!" स्वयंपाकघरातून तेजस बाहेर आला आवाज ऐकून. मी म्हटलं, दाखवीन. त्या "दाखवाच" म्हणत जिना उतरल्या. आणि मी दाखवलं नाही. अश्विनीचं नाव कसं घेऊ? आणि माझं?

२४ फेब्रुवारी

माई मला डिंकाचे लाडू पाठवतात. "मोठीनं फार मनाला लावून घेतलंय, खाईना झालीये," असं सगळ्यांना सांगतात. हर्षदने काल फोन केला, म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी उठून गेलो, सॉरी." मला माफ करून मोकळे झाले सगळे! किती चांगले लोक आहेत हे. एकाने तरी कानाखाली वाजवली असती.

चूर्ण बंद आहे. बहात्तर, त्र्याहत्तर, चढतंय. ऑफिसात आता कोणी काही म्हणत नाही.

२७ फेब्रुवारी

अश्विनी कामावर जायला लागली. येताना इकडे येऊन बसली तासभर. मला म्हणते, "वहिनी, सारखं वाटतं माझंच चुकलं. त्या आठवड्यात मी बसने गेले होते, ऑटो मिळेना म्हणून. हर्षदला सांगितलं नाहीये मी." आणि रडली, माझ्या खांद्यावर. बसने गेली म्हणून! मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझा पदर तिच्या डोळ्यांनी भिजला आणि माझे डोळे कोरडे ठणठणीत.

हिला आयुष्यभर ती बस पुरेल.

२ मार्च, रविवार

या वहीतलं मराठी धडपणे वाचू शकेल असं घरात कुणी नाही. हे इंग्रजी शाळेतले, तेजसला एक ओळ वाचायला पाच मिनिटं लागतात. म्हणून मी वही कधी कुलपात ठेवली नाही. वाचू शकते ती एकटी अश्विनी, आणि ती आत्ता बाहेरच्या खोलीत येऊन बसली आहे. पेन ठेवते आणि वही तिच्या हातात देते.